जीपच्या पुढच्या अर्ध्या भागाचे काय करावे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गाड्यांचे पत्राकाम व बॉडीकाम, गॅरेजच्या गल्लीत 'ठोक्या' या नावाने ओळखला जाणारा आणि त्याबद्दल तक्रार नसलेला इसम, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणतेही नशापाणी न करता आणि कोणाच्या धाकदपटशाखाली नसताना हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझी पत्नी या क्षणी दारात हाताची घडी घालून उभी आहे. याला धाकदपटशा म्हणायचे का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "याला संसार म्हणतात, पुढे लिहा." म्हणून पुढे लिहितो.

हे आताच करायचे कारण असे की येत्या सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडून आतल्या नळ्या बदलणार आहेत. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांची बॉनेटे उघडली आणि 'काही नाही, किरकोळ आहे' असे सांगून गाडी दोन दोन महिने अडकवून ठेवली. डॉक्टर मला तपासून 'किरकोळ आहे' म्हणाले, तेव्हा मी घरी आलो आणि आधी वकीलबाईंना फोन केला.

वकीलबाईंनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात सगळा जन्म एका पानात उरकलेला होता. मी त्यांना म्हटले की मी माझ्या पद्धतीने लिहितो, कायद्याला लागेल तेवढे तुम्ही उचला आणि बाकीच्याकडे कानाडोळा करा. त्यांनी मान डोलावली आणि घड्याळ पाहिले.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या वडिलांनीही केले नव्हते. त्याचा परिणाम म्हणून एकच जीप आज दोन अंगणांत उभी आहे. तो प्रकार कलम ५ मध्ये सविस्तर येईल.

कलम २. माझे राहते घर, त्यातील तीन खोल्या, गच्ची आणि गच्चीवर मी ठेवलेले सगळे भंगार माझ्या पत्नीला मिळावे. भंगाराचे तिने काय करायचे ते तिने कधीच ठरवून ठेवले आहे. स्वयंपाकघरातली पत्र्याची कपाटे मी लग्नानंतर मोठ्या हौसेने स्वतः बनवली. त्यांचे दार लावले की शेजारच्यांचे बाळ उठते. ते बाळ आता नोकरीला लागले आहे, तरी दचकते. ही कपाटे काढून लाकडी करून घेऊ का, असे पत्नीने मला वेळोवेळी विचारले आणि मी दर वेळी बिजागऱ्यांना तेल घातले. माझ्या पश्चात तिने लाकडी कपाटे करून घ्यावीत. माझी हरकत नाही, आणि असली तरी ऐकू येणार नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. ते फार नाही, तेव्हा कोणी त्यावर जीव टाकू नये.

कलम ४. माझी सर्व हत्यारे माझ्या मुलीला मिळावीत. ती दवाखान्यांतले पलंग आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करते आणि तिच्या हाताला यश आहे. ती आधी मोजते आणि मग कापते. हा गुण तिने माझ्याकडून घेतलेला नाही, काकाकडून घेतला आहे. काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो लेथवर काम करतो आणि गल्लीत त्याला 'टेप्या' म्हणतात, कारण मोजायची टेप नाही असा त्याचा खिसा कोणी पाहिलेला नाही. त्याच्या लग्नाच्या फोटोतही तो खिसा फुगलेला दिसतो. मी त्याच्या उलट. मी आधी ठोकतो आणि मग बघतो.

पत्रा सरळ करायचे हातोडे, लाकडी मोगरी, सगळे पाने आणि वेल्डिंगचे मशीन मुलीने न्यावे. ज्या हातोड्याचा दांडा दोरीने बांधलेला आहे तो फेकू नये, तो तिच्या आजोबांचा आहे. गॅस कटर मात्र तिने घेऊ नये आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तो भंगारवाल्याला विकावा. त्याने आमच्या घराचे एकदा जे नुकसान केले ते पुरेसे आहे.

कलम ५. आता जीप.

जीप वडिलांची. जमीनमोजणीच्या खात्याने ती लिलावात काढली आणि वडिलांनी ती ओढत घरी आणली. गोल दिव्यांची, कापडी छताची, चारही चाकांनी जोर लावणारी. चिखल, ओढा, दगडधोंडे, कशालाही भीत नसे. फक्त सकाळी सुरू व्हायला भीत असे. वडिलांनी तिला पुन्हा चालती केली आणि आम्हा दोघा भावांना तिच्यावरच गाडी शिकवली. मी शिकलो. धाकटा चॅसीखाली पडून तिची मापेच घेत राहिला.

वडील गेले तेव्हा वर्कशॉप, लेथ आणि पत्र्याचा साठा आम्ही चहाच्या एका बैठकीत वाटून घेतला. लेथ त्याला, शेड मला, कुरबूर नाही. गाडे अडले ते जीपवर. मला तिचा छोटा ट्रक करायचा होता, मागे हौदा बांधून पत्रे आणायला. हातगाडीवर पत्रे आणून आणून माझे खांदे गेले होते. धाकट्याला तिच्यात झोपायचे होते. म्हणजे तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून, बायकामुलांना घेऊन कुठेतरी डोंगरात मुक्काम ठोकायचा होता.

"दादा, आयुष्यभर लोकांच्या गाड्या नीट करून देतो, लोक फिरायला जातात, आणि आपण फाटकात उभे राहून हात हलवतो," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते, त्यामुळे मला जास्तच राग आला.

हे भांडण आम्ही बरेच महिने जपून वापरले. शेवटी एका दुपारी शेडमध्ये शब्दाला शब्द वाढला.

"तुला ट्रकच हवाय ना? मग काप आणि घे तुझा अर्धा भाग," तो म्हणाला.

"काप म्हणजे? खरंच कापू?"

"काप की. आहे का धमक?"

शहाण्या माणसाने इथे हसून चहा मागवला असता. मी गॅस कटर पेटवला. तो समोर उभा राहून बघत होता. त्याला वाटले मी थांबेन आणि मला वाटले तो थांबवेल. दोघेही एकमेकांची वाट बघत असताना जीपचे दोन तुकडे झाले. मी अर्थातच माप घेतले नव्हते. डावीकडे माझ्या वाट्याला चार बोटे जास्त आली आणि उजवीकडे त्याच्या.

"कापायचंच होतं तर माप तरी घ्यायचंस, दादा," तो म्हणाला, आणि आपला अर्धा भाग ढकलत घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि मीही त्याच्याशी नाही. माझी मुलगी तेव्हा शाळेत जात होती. आता ती केसांना रंग लावते.

त्या कापण्याने जी वाटणी झाली ती कोणत्याही कोर्टाने केली नसती. इंजिन, स्टिअरिंग आणि पुढचे दिवे मला आले. मागची चाके आणि लाल दिवे त्याला गेले. जॅक माझ्याकडे राहिला आणि स्टेपनी त्याच्याकडे. म्हणजे माझे चाक पंक्चर झाले की मी गाडी व्यवस्थित उचलून ठेवू शकतो, आणि उचलून ठेवलेल्या गाडीकडे बघत बसू शकतो. मी चॅसीला नवीन लोखंड जोडून ती लांब केली आणि भंगारातल्या एका व्हॅनची मागची चाके अॅक्सलसकट आणून बसवली. ती पुढच्या चाकांपेक्षा रुंद निघाली. हौद्याला पत्रा इतका जाड वापरला की रिकामा ट्रकही भरल्यासारखा चालतो. वाहन तपासणीच्या साहेबांनी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "बाकीची कुठे आहे?" मी म्हटले, "धाकट्याकडे." साहेबांनाही भाऊ असावा, कारण त्यांनी पुढे काही न विचारता शिक्का मारला.

धाकट्याने काय केले ते सांगितले पाहिजे, कारण खरे ते खरे. त्याने त्याच्या अर्ध्या भागाचा ट्रेलर केला. असे काम मी दुसरे पाहिलेले नाही. भिंतीतून पलंग खाली येतो. शेगडी खणातून सरकत बाहेर येते. खाली पाण्याची टाकी, बाजूला ताडपत्रीची उघडमीट करता येणारी पडवी, आणि प्रत्येक खणाला स्वतः लेथवर काढलेली खिटी. खिटी लावली की आवाज होत नाही. माझ्या वाकड्या कापण्याची कडही त्याने इतकी बेमालूम झाकली आहे की शोधावी लागते. हे सगळे मला माहीत असण्याचे कारण असे की त्याचे अंगण आणि माझी शेड यांच्यामध्ये फक्त रेडिएटरवाल्याची शेड आहे, आणि तिच्या मागच्या पत्र्याला एक भोक आहे. ते भोक मी पाडले. त्याबद्दल कलम ८ पाहावे.

पण ट्रेलर ओढायला त्याच्याकडे काही नव्हते. त्याच्याकडे स्कूटर आहे. त्यामुळे सुट्टी लागली की त्याचे कुटुंब स्वतःच्या अंगणातच मुक्कामाला जायचे. घराला कुलूप लावून, ट्रेलरची पडवी उघडून, कंदील लावून सगळे बसायचे आणि शेगडीवर चहा करायचे. पहिल्या वर्षी मी भरपूर हसलो. दुसऱ्या वर्षी माझी पत्नी आणि मुलगीही तिकडे जाऊन बसू लागल्या. जावाजावांनी आमचे भांडण कधी मान्यच केले नाही. त्या म्हणायच्या, ते पुरुषांचे आहे, त्यांनीच सांभाळावे. मग मी एकटा भोकापाशी उभा राहून पाहायचो. हसण्यासारखे त्यात काही उरले नव्हते.

कलम ६. हूक. हे कलम वकीलबाईंना अनावश्यक वाटते. मला वाटत नाही.

ट्रकच्या मागे मी एक जाड हूक बसवला. गल्लीत सांगितले की अडकलेल्या गाड्या ओढायला बसवला आहे. माझ्या ट्रकने आजवर कोणालाही ओढलेले नाही, त्यालाच लोकांनी ओढून आणलेले आहे. हूक कशासाठी होता ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होते. अडचण एवढीच की माझा हूक उंच होता आणि त्याच्या ट्रेलरची कडी वीतभर खाली होती. ती वीत मिटवायची तर कोणीतरी कोणाला तरी काहीतरी विचारायला हवे होते. ते काही झाले नाही.

गेल्या वर्षी छातीत दुखू लागले तेव्हा मला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकट्याच्या घरचे सगळे लग्नाला परगावी गेले. मी पत्नीची शिवणाची टेप उचलली, कारण माझ्या मालकीची टेप नाही, आणि भरदुपारी त्याच्या अंगणात गेलो. कडीची जमिनीपासूनची उंची मोजली. खात्री नाही म्हणून पुन्हा मोजली. घरी येऊन हूक कापला आणि बरोबर तेवढ्या उंचीवर खाली जोडला. जन्मात पहिल्यांदा माप घेऊन काम केले. सांधा इतका सरळ आला की तो मी केला आहे हे मलाच पटेना. एक दिवस ट्रक मागे घेत घेत त्याच्या फाटकाशी नेऊन उभा करायचा, असे मी मनाशी ठरवले होते. काही बोलायचे नाही, नुसता उभा करायचा. त्याने काय ते समजून घ्यावे.

ते लग्नाहून परतले. मी धीर गोळा करत राहिलो. एके सकाळी भोकातून पाहिले तर ट्रेलरची कडी वीतभर वर होती. मी माझ्या शेडमध्ये आलो आणि हुकाकडे पाहिले. तो खालीच होता. मी टायरवर बसून घेतले.

खुलासा भाजीच्या गाडीपाशी झाला. माझी भावजय माझ्या पत्नीला म्हणाली, "ताई, काय सांगू तुम्हाला. भाऊजी तपासणीला गेले होते ना, तेव्हा हे तुमच्या शेडमध्ये येऊन हुकाचं माप घेऊन गेले. लग्नाहून आल्यावर आठवडाभर लेथवर बसून कडी वर घेतली. म्हणाले, आता दादाच्या हुकाला बरोबर बसेल. आणि जाऊन बघतात तर हूक खाली!"

"अगं बाई," माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे माझी टेप यांनी त्यासाठी पळवली होती?"

दोघी गाडीच्या कठड्याला धरून हसल्या. भाजीवाल्याला वाटले भाव ऐकून हसतायत, म्हणून त्याने भाव उतरवला. घरी आल्यावर पत्नीने मला सगळे सांगितले आणि पुन्हा हसायला बसली. मला मुळीच हसू आले नाही. माझ्या मनात आले की धाकटा माझ्या शेडमध्ये आला होता, माझ्या ट्रकमागे वाकून बसला होता, आणि मी तेव्हा दवाखान्यात छातीला तारा चिकटवून पडलो होतो.

आता पेच असा. मी हूक पुन्हा वर घ्यावा, तर तोही त्याच वेळी कडी खाली घेईल. मी थांबावे, तर तोही थांबेल, कारण आम्ही एकाच बापाची मुले आहोत. उपाय एकच आहे. एकाने दुसऱ्याला सांगायचे, 'तू हलवू नकोस, मी करतो.' हे वाक्य मी दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिले आहे आणि ते उत्तम जमते. रेडिएटरवाल्याच्या शेडपलीकडे गेले की मी माघारी वळतो. मी त्याच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्याने आधी बोलावे, असे मला वाटते. मी मोठा आहे म्हणून मी आधी बोलावे, असे पत्नीला वाटते. ती हे रोज बोलून दाखवते.

मला धाकट्याशी बोलायचे आहे. डॉक्टरांनी मला झोपवायच्या आधी बोलायचे आहे. भूल दिल्यावर सगळेच परत उठतात असे नाही, आणि मला त्याच्याशी न बोलता जायची भीती वाटते. वकीलबाई म्हणतात हे वाक्य कायद्याच्या कामाचे नाही, खोडा. मी खोडत नाही.

कलम ७. वर वर्णन केलेला ट्रक, म्हणजे आमच्या वडिलांच्या जीपचा पुढचा अर्धा भाग, त्याला मी जोडलेले सगळे लोखंड आणि हुकासह, माझ्या धाकट्या भावाला मिळावा. त्याने आता निर्धास्तपणे माप घ्यावे. मी गेल्यानंतर माझ्याकडची बाजू हलणार नाही, अशी हमी मी देतो. मी गिऱ्हाइकांना आजवर दिलेल्या हमींपैकी हीच एक अशी आहे जिच्याबद्दल कोणी तक्रार घेऊन परत येणार नाही.

ट्रक चालवण्याविषयी सूचना: सकाळी सुरू करताना चोक पूर्ण ओढावा आणि इंजिनाशी गोड बोलावे. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, त्याला घाबरू नये, समोरचा घाबरतो ते पुरे. डावे दार आतून उघडत नाही, खिडकीतून हात बाहेर काढून उघडावे. हे दोष तसेच ठेवावेत अशी माझी विनंती आहे. तो पहिल्याच आठवड्यात सगळे दुरुस्त करेल हे मला माहीत आहे, तरी विनंती करून ठेवतो.

कलम ८. जुने हिशेब.

रेडिएटरवाल्याच्या शेडच्या पत्र्याला मी पाडलेले भोक माझ्या मुलीने बुजवून द्यावे. हे भोक आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्याने मला कधी टोकले नाही, उलट मी उभा राहून दमू नये म्हणून तिथे एक उपडा डबा आणून ठेवला. माझी शिडी त्याच्याकडे आहे. ती त्याने परत करू नये.

गल्लीच्या टोकाच्या रंगाऱ्याने ट्रकच्या मागच्या फळीवर मला न विचारता 'बाकी मागून येत आहे' असे रंगवले. ते मी दुसऱ्याच दिवशी पुसणार होतो. त्या रंगाऱ्याशी मी बरीच वर्षे अबोला धरला होता आणि तो अबोला आज सोडला आहे असे समजावे. फळी पुसलेली नाही.

ज्या ज्या गिऱ्हाइकांना मी 'परवा या' असे सांगितले आणि परवा शेड बंद ठेवली, त्यांची मी एकगठ्ठा माफी मागतो. वेगवेगळी मागायची तर ऑपरेशन पुढे ढकलावे लागेल.

कलम ९. माझा शेवटचा प्रवास या ट्रकमधून काढू नये. चढावर तो बंद पडतो, आणि मला पोचवायला आलेल्या लोकांना ढकलायला लावावे हे मला बरे वाटत नाही. दवाखान्याची गाडी बोलवावी.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. काही शंका आल्यास पत्नीला विचारावे. शंका न आल्यासही पत्नी सांगेलच.

पुरवणी. वरील कागद लिहून झाल्यावर, त्याच दिवशी, त्याच टेबलावर.

दोन साक्षीदार लागतात. पहिला रेडिएटरवाला. दुसरा म्हणून मी चहावाल्याला सांगून ठेवले होते, पण पत्नीने मला न विचारता भावजयीकरवी निरोप पाठवला आणि चहावाल्याला परस्पर नको म्हणून कळवले. तिने तसे करायला नको होते असे मी लिहिणार होतो. आता लिहीत नाही.

दारात धाकटा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इतकी वर्षे मी त्याला भोकातून, म्हणजे एका डोळ्याने पाहत आलो. तो बराच म्हातारा झाला आहे.

"बसा भाऊजी," पत्नी म्हणाली.

तो बसला नाही. "सही कुठे करायची?" असे त्याने वकीलबाईंना विचारले.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाल्या. "यात तुमचं नाव आहे. साक्षीदाराला कागदातून काही मिळता कामा नये. तुम्ही सही केलीत तर तुमचा हक्क जाईल."

"कसला हक्क?"

"ट्रकचा. यांनी ट्रक तुमच्या नावे केलाय."

रेडिएटरवाला उगीच खिडकीबाहेर बघू लागला. मग धाकटा माझ्याकडे न पाहता वकीलबाईंना म्हणाला, "ट्रक घेऊन मी काय करू? चालवायला हा नको का?"

"मग सही दुसऱ्या कोणाची घेऊ या. म्हणजे ट्रक तुम्हाला मिळेल."

"नको. पेन द्या."

पेन हातात घेऊन तो माझ्याकडे वळला. "दादा, सोमवारी दवाखान्यात कोण नेतंय तुला?"

"मुलगी," मी म्हटले. आरशासमोर तयार केलेले वाक्य ऐन वेळी कुठे गेले कळले नाही.

"मी पण येतो," तो म्हणाला. "आणि तू शुद्धीवर येईपर्यंत बसतो."

धाकट्याने सही करायची ठरवल्यामुळे कलम ७ आपोआप रद्द झाले आहे, असे वकीलबाई सांगतात. ट्रकला आता वारस नाही, तेव्हा तो कोणाला द्यायचा ते पुन्हा बसून लिहावे लागेल. मी त्यांना म्हटले की ऑपरेशन होऊन घरी आल्यावर लिहू. हुकाचेही त्यानंतरच बोलू, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. बोलू, असे दोघेही म्हणालो.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि मी तो साक्षीदारांसमोर सही करून पक्का करत आहे.

ठिकाण: माझ्या शेडमधली, आम्ही ऑफिस म्हणतो ती खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच. वार शुक्रवार, दुपारच्या चहानंतर.

मृत्युपत्र करणार: (सही) ठोक्या

साक्षीदार पहिला: (सही) रेडिएटरवाला. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. शिडी आधीच मिळाली आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो सही करताना रडत होता, पण पूर्ण शुद्धीवर होता. मीही.